पिवळं लेबल

आमच्या बाई पिक्चर निवडायच्या नाहीत, नापास करायच्या. नापास करता करता जे शेवटी उरेल, ते बघायला जायच्या.

आधीच सांगून ठेवते, या लिखाणात शेवटी बाई मरत नाहीत. त्यांना तसलं चालत नाही. मी वरच्या खोलीत बसून हे लिहितेय आणि खाली अंगणात त्या भाजीवालीला सांगतायत की वालाच्या शेंगा कोवळ्या आहेत हे तुझं म्हणणं झालं, माझं अजून व्हायचंय.

मुंबईत दरवर्षी एक चित्रपट महोत्सव भरतो. बाईचं बाईवर, पुरुषाचं पुरुषावर प्रेम असतं, किंवा जन्माला आलेलं शरीर एक आणि मन दुसरं असतं, अशा माणसांचे पिक्चर. जगभरातून येतात. चार-पाच दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, तीन-तीन पडद्यांवर. सगळे बघणं कुणालाच शक्य नसतं. म्हणून महिनाभर आधी त्याची पुस्तिका निघते, आणि ती निघाली की कर्जतच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर जेवणं बंद होतात. ताट मांडीवर घेऊन जेवायचं. टेबलावर पुस्तिकेची छापलेली पानं, लॅबमधलं जुनं भिंग आणि लेबलांची तीन रिळं. हिरवं म्हणजे पास, लाल म्हणजे नापास, पिवळं म्हणजे होल्ड. होल्ड म्हणजे अजून ठरलं नाही, हात लावू नका.

ही रिळं कारखान्यातली. रसायनीच्या एका कारखान्यात बाई एकतीस वर्षं लॅबमध्ये होत्या, शेवटची काही वर्षं लॅबच्या मुख्य. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल दिली. ती त्यांनी गेटवरच्या वॉचमनला दिली आणि स्टोअरमधून रिळं मागून घेतली.

माझी आणि त्यांची ओळखसुद्धा त्या रिळांनीच झाली. मी नांदेडच्या पुढची, पार देगलूरकडची. आठवीतनं शाळा सुटली. घरात लग्नाचं घाटत होतं आणि मला ते नको होतं. का नको ते सांगायला माझ्याकडे शब्द नव्हता. नुसतं जेवण उतरायचं नाही. रसायनीजवळ कुंभिवली गावात आमची एक लांबची आत्या होती, तिच्याकडे ‘काम बघते’ म्हणून आले आणि पॅकिंगला लागले. ड्रम बंद झाला की लेबल लावायचं, एवढंच काम. एक दिवस पिवळं रीळ संपलं. मी हिरवं लावत सुटले. अकरा ड्रम. मला वाटलं, रंग शोभेला असतो.

गाडी गेटवर निघाली होती. बाईंनी ती थांबवली. अकरा ड्रम परत उतरवले आणि सुपरवायझर मला सगळ्यांसमोर घालून पाडून बोलत असताना त्या पांढऱ्या कोटात तिथे आल्या.

“यावर काय लिहिलंय, वाच.”

“इंग्रजी येत नाही बाई.”

“मराठी?”

“मराठी येतं.”

“हिरवं का लावलंस?”

“पिवळं संपलं होतं, म्हणून.”

सुपरवायझर हसला. बाई हसल्या नाहीत. त्याला म्हणाल्या, “हिला काढायचं असेल तर आधी मला काढा. चार वर्षं झाली, लेबलवर मराठीत लिहा म्हणून मी अर्ज करतेय. तो अर्ज होल्डवर ठेवणारा माणूस कोण?” मग मला म्हणाल्या, “आणि तू. लावलंस ते लावलंस, निदान सरळ तरी लावायचं. वाकडं लेबल दिसलं की ऑडिटर पहिलं बोट तिथेच ठेवतो.”

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मी लॅबच्या पायरीवर बसून लेबलं वाचायला शिकले. आत्याकडे आठ माणसं एका खोलीत, म्हणून वर्षभरात बाईंच्या घरी कर्जतला वरच्या खोलीत राहायला आले. सकाळी दोघी कंपनीच्या बसला. वाटेत चौक नावाच्या गावाला बस चहाला थांबायची, तेव्हा सगळे खाली उतरायचे. बाई उतरायच्या नाहीत. चहा खिडकीतून आत मागवायच्या आणि ड्रायव्हरला सांगायच्या, “तुमचा ढाबेवाला चहाचं सॅम्पल फक्त वरून घेतो. साखर सगळी तळाला.”

हे तळाचं प्रकरण त्यांच्या रक्तात होतं. ड्रममधला माल तपासायचा तर काचेची लांब नळी घालून वरचं, मधलं आणि तळाचं, असे तीन नमुने घ्यायचे. नुसतं वरचं घेतलं तर फसवणूक. पुस्तिकेलाही त्या हीच नळी लावायच्या. “पहिल्या पानांवर ते मिरवायचे पिक्चर लावतात,” म्हणायच्या. “शेवटच्या पानांवर कुणी बघणार नाही असे. आपण पहिल्यातला एक, मधला एक आणि शेवटचा एक घ्यायचाच. मग कळतं, यंदाचा माल कसा आहे.”

पहिल्या वर्षी त्यांनी पुस्तिका माझ्यापुढे सरकवली तेव्हा काही प्रस्तावना केली नाही. “मदत कर,” एवढंच. वरच्याच पानावर दोन बाया एकमेकींच्या कपाळाला कपाळ लावून उभ्या होत्या. मी उठले, दाराला कडी लावली, खिडकी ओढून घेतली आणि परत येऊन बसले.

बाईंनी भिंगातून मान वर केली. “कडी कशाला?”

“कुणी आलं तर.”

“आलं तर त्याला पण बसवू. एवढे पिक्चर दोघींनी आटपायचे नाहीत.” मग बऱ्याच वेळानं, पान उलटता उलटता म्हणाल्या, “तुला कुणी काही विचारलेलं नाही. तूही सांगायची घाई करू नकोस. आधी बघ.”

मी उठून कडी काढली. परत लावली. मग काढली. तो आवाज त्यांनी तीनदा ऐकला आणि भिंग पानावर ठेवून वाचत राहिल्या. त्या दिवसाचे उपकार मी अजून मोजू शकत नाही.

नापास करण्याचे त्यांचे नियम होते. ज्याच्या माहितीत ‘धाडसी’ असा शब्द आला, त्याला लाल. “धाडस आपण रोजच करतो. ते बघायला मुंबईपर्यंत कशाला?” ज्याच्या फोटोत दोन बायका पाण्यात आहेत त्याला लाल. “या नेहमी पाण्यात का पडतात? सर्दी होत नाही?” अडीच तासांच्या वर असेल तर लाल, त्याला कारण गुडघे. आणि सगळ्यांत कडक नियम पोटापाण्याचा. भिंग घेऊन त्या ओळन् ओळ वाचायच्या आणि म्हणायच्या, “ही चित्र काढते, ही समुद्राकडे बघते. कामाला कोण जातं? पगार कुणाचा? लाल.” एकदा एका पिक्चरमध्ये दोन पुरुषांतला एक बसचा कंडक्टर होता. एवढ्यावर पिक्चरला हिरवं मिळालं. पिक्चर अगदी टुकार निघाला, तरी बाई शेवटपर्यंत बसल्या. तिकिटं बरोबर फाडत होता म्हणाल्या.

शेवटचा नियम त्या हळू आवाजात सांगायच्या. शेवटी दोघींतली एक मरते असा वास जरी आला, तरी लाल. पुस्तिकेत शेवट कधी लिहीत नाहीत. बाई तो वासावरून ओळखायच्या. ‘अविस्मरणीय उन्हाळा’ असं काही लिहिलेलं असलं की म्हणायच्या, “उन्हाळाच का? पुढे पावसाळ्यात काय झालं? लाव लाल.”

स्टेशनपर्यंत नेणारे रिक्षावाले दादा पलीकडच्या गावचे. दोन वर्षं त्यांनी गप्प राहून नेलं. तिसऱ्या वर्षी राहवलं नाही.

“बाई, यंदा बी चार दिस जानार? कसला पिच्चर हाय येवढा?”

बाईंनी सांगितलं. आवाज न उतरवता, भाजीचा भाव सांगावा तसं. मी रिक्षाच्या बाहेर बघत बसले. पूल लागला तशी दादांनी मान वळवली.

“मंग त्यात नवरं नसतात?”

“नसतात.”

“नवराच नाय, तर मंग भांडान कशापायी व्हतं?”

“स्वयंपाक कोणी करायचा यावरून.”

“हात्तिच्या,” दादा म्हणाले. “आमच्या घरात बी त्येच हाय.” आणि पुढे महिनाभर मला बघितलं की विचारायचे, “काय गं पोरी, कालच्या पिच्चरात भाकरी कुनी थापली?”

आता खरी अडचण सांगते. पिक्चर परदेशी, खाली अक्षरं इंग्रजी आणि ती थांबत नाहीत. लेबल वाचण्याइतकं मला यायला लागलं होतं, पण लेबल पळत नाही. पहिल्या दिवशी मी पहिली ओळ लावेपर्यंत चौथी यायची. बाईंनी हे पाच मिनिटांत ओळखलं आणि माझ्या कानाशी वाकून मराठीत सांगायला लागल्या. ते पण कसं, कुठल्या कुठल्या देशांतल्या बाया बाईंच्या तोंडून कर्जतच्या होऊन जायच्या. “ती म्हणते, अगं, इतका उशीर का केलास. ही म्हणते, बस चुकली गं. चहा घेतेस का?” दोन वर्षं मला वाटत होतं की तिकडे सगळे चहाच पितात. मग एकदा ग्लास नीट दिसले.

मागून एका माणसानं ‘शू’ केलं. बाई अख्ख्या वळल्या. “मुलीला मराठीत सांगावं लागतं. तुम्हाला हवं असेल तर पुढे या.” मला वाटलं आता बाहेर काढतात. तो माणूस खरंच पुढच्या रांगेत आला, बाईंच्या दुसऱ्या बाजूला बसला. पुढच्या वर्षी त्यानं आम्हाला लांबून हात केला. बरोबर दोन मित्र आणले होते. म्हणाला, “मावशी, तुमच्या मराठीत पिक्चर जास्त बरा वाटतो.” तोपर्यंत मी गळ्यातला महोत्सवाचा बिल्ला ओढणीखाली घालत होते. त्या वर्षी तो वर आला. मुद्दाम काढला नाही, पाचजणांत मध्ये बसून ओढणी कुठे सरकली ते कळलंच नाही.

त्याच वर्षीची गोष्ट. एक पिक्चर पिवळा होता. डोंगरातल्या गावात दोन बाया प्रवाशांसाठी खोल्या भाड्यानं देतात. काम होतं, पगार होता, पाणी नव्हतं, तरी बाईंचं मन बसत नव्हतं. म्हणून होल्ड. तरीही गेलो. शेवटाकडे एकजण आजारी पडते. मग एक बंद दार दिसतं, मग दुसरी बाई एकटीच चादरी वाळत घालते. खाली तीन-चार ओळी येऊन गेल्या. बाई काही बोलेनात.

“बाई, ती कुठे गेली?”

मग माझ्या कानाशी त्यांचा आवाज आला, “गावाला गेली. येईल.”

मला बरं वाटलं. चादरी वाळायच्या आत येईल असं मी मनाशी धरलं. बाहेर आल्यावर बाईंनी पास म्हटलं नाही, फेल म्हटलं नाही. नेहमी जिन्यावरच निकाल लागायचा.

बाईंच्या स्वयंपाकघरात एक फोटो आहे. पांढऱ्या कोटातल्या दोन बाया लॅबच्या दारात उभ्या आहेत, एक बाई, दुसरी त्यांच्याच वयाची, हसताना डोळे मिटलेली. तिच्याविषयी बाई एकदाच बोलल्या, वाल सोलताना. ती लॅबमध्येच होती. माझ्या आधी वरच्या खोलीत तीच राहायची, म्हणजे सामान वर असायचं. बावीस वर्षं. मग मोठं दुखणं आलं आणि तिचे भाचे तिला सांगलीकडे घेऊन गेले. बाई फोन करायच्या तर भाचा सांगायचा, ती गावाला गेलीय. चारदा तेच. पाचव्यांदा भाच्याची बायको फोनवर आली आणि म्हणाली की जाऊन बारा दिवस झाले. “तुम्हाला कळवायचं कुणाला सुचलंच नाही, असं म्हणाली,” बाई म्हणाल्या आणि सोललेले वाल उचलून आत गेल्या.

मी फार विचार करणारी नाही, मला भीतीच जास्त वाटते. म्हणून हे दोन धागे मी जोडलेच नाहीत. ते जोडले गेले ते बाईंचे डोळे गेल्यावर.

सगळे नाही गेले. नजरेच्या मधोमध डाग आला. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. माझ्या तोंडाकडे बघायचं तर त्या माझ्या कानाकडे बघतात. डॉक्टरांनी सांगितलं, वाचणं आता नाही. बाईंनी भिंग कपाटात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, “जुन्या पुस्तिका काढ. काय काय बघितलं ते वाचून दाखव. डोक्यात तरी फाइल पूर्ण राहू दे.”

प्रत्येक पुस्तिकेत बघितलेल्या पिक्चरशेजारी त्यांनी पेन्सिलीनं मराठीत शेरा लिहिलेला होता. ‘कंडक्टर चांगला. बाकी नाही.’ ‘सासू फार खरी.’ मी मोठ्यानं वाचत होते. डोंगरातल्या गावाचं पान आलं. पिवळं लेबल तसंच होतं. शेजारी लिहिलं होतं, ‘शेवटी मरते. मुलीला गावाला गेली असं सांगितलं. चूक झाली.’

हा शेरा मी मनातच वाचला आणि थांबले. बाई माझ्या कानाकडे बघत होत्या.

“पुढे?” म्हणाल्या.

“पुढचं पान कोरं आहे,” मी म्हटलं. ते कोरं नव्हतं.

त्या वर्षी पुस्तिका आली तेव्हा त्यांनी ती उघडलीच नाही. “तू निवड,” म्हणाल्या. “एकच. दुपारचा. मला आता एकच झेपेल, आणि बहुतेक तो शेवटचा. म्हणून चुकू नकोस.”

तीन आठवडे मी रात्री झोपले नाही म्हटलं तरी चालेल. वरचं, मधलं, तळाचं सगळं पाहिलं. कामावरून आलं की लाल लेबलं लावायची, सकाळी उठून शंका यायची, लाल काढून पिवळं लावायचं. आणि नुसतं निवडून भागणार नव्हतं. आता कानाशी वाकून सांगणारी मी होते. मोबाइलवर मिळतील ते परदेशी पिक्चर लावून पळती अक्षरं मोठ्यानं मराठीत वाचायचा सराव केला. बसमध्ये, जिन्यात, भांडी घासताना. रिक्षावाले दादा एकदा घाबरून बाईंना सांगून गेले, “पोरगी एकलीच बोलते वो, जरा बघा.”

शेवटी एक उरला. थंड मुलुखातल्या एका गावात दोन म्हाताऱ्या लाँड्री चालवतात. काम आहे. पाणी आहे, पण कपडे धुण्यापुरतं. दोन तासांच्या आत. उन्हाळा नाही. मी सगळीकडून हुंगला आणि हिरवं लावलं.

दुपारचा खेळ. बाई माझ्या डाव्या हाताला. मागच्या रांगेत तोच ‘शू’ म्हणणारा माणूस, मित्रांसकट. पहिली दहा मिनिटं माझी जीभ अडखळली, मग लागली. “ही म्हणते, इस्त्री जास्त तापलीये. ती म्हणते, तुझ्यापेक्षा कमी.” मागे हसले. बाईही हसल्या. दोघी म्हाताऱ्या चादरींच्या घड्या घालताना दोन टोकं धरून एकमेकींकडे चालत यायच्या, हातात हात यायचा, परत लांब जायच्या. ते अक्षरात नव्हतं, पण मी सांगितलं.

आणि मग त्यांतली थोरली लाँड्रीत कोसळली. रुग्णवाहिका आली. एवढं सगळं तपासून मी बाईंना शेवटी इथेच आणून बसवलं होतं. गाडी रस्त्याला लागली. आतला माणूस यंत्राकडे बघत होता, मग त्यानं बघायचं सोडलं आणि काहीतरी बोलला. खाली तीनच शब्द आले. मी ते एका नजरेत वाचले.

“काय म्हणाला?” बाईंनी विचारलं.

माझ्या तोंडात ‘गावाला’ तयार होतं. बाईंना दिसत नव्हतं, मागचे बोलले नसते. मी सांगितलं असतं तर त्या अंधारात ते खरंच झालं असतं. पण मला त्यांच्या पेन्सिलीचं अक्षर आठवलं.

“गेली, म्हणाला,” मी सांगितलं. “वाटेतच गेली बाई.”

बाईंचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. तो हलला नाही. पडद्यावर रस्ता चालूच होता.

“जवळ कोण होतं?”

त्याला अक्षरं नव्हती. मी नीट बघितलं. “धाकटी आहे. ड्रायव्हर नको म्हणत होता, तरी चढली. हात धरून बसलीये.”

“अजून धरलाय?”

“अजून धरलाय.”

“खरं सांगतेस?”

“खरं सांगते.”

बाई मागे टेकल्या. पिक्चर संपला, दिवे लागले, माणसं उठली, तरी त्या उठेनात. मी माफी कशी मागावी ते जुळवत होते. निवडण्यात चुकले, वास आला नाही, पुन्हा अकरा ड्रम झाले, असं काहीतरी. मी तोंड उघडलं तेवढ्यात त्या माझ्या कानाकडे बघून म्हणाल्या, “पास.”

घरी आल्यावर नवी पुस्तिका काढायला लावली. तिच्यावर हिरवं होतंच. मग म्हणाल्या, “ती जुनी पण आण. डोंगरातली.” मी ती टेबलावर ठेवली. बाईंनी बोटांनी चाचपून पिवळ्या लेबलचं टोक शोधलं आणि नखानं हळूहळू सोलून काढलं. कागद बराच जुना झाला होता, थोडा बरोबर निघाला.

“आता याला काय लावू?” मी विचारलं.

“तुला काय वाटतं? पिक्चर तूही बघितलास.”

मी विचार केला. चादरी वाळत घालणारी ती बाई मला अजून दिसते. मी हिरवं लावलं. बाईंनी चारी कडांवरून अंगठा फिरवला.

“सरळ लागलंय?” त्यांनी विचारलं.